आटलेल्या तळ्याचा गाळ

मखमलाबाद, नाशिक
ता. २० नोव्हेंबर २००१

शकू बाळे,

भाऊबीजेला तुझ्या दादांनी पाट मांडून ठेवला होता. बहीण आली नाही, शेवटी त्यावर मांजर बसलं. तेही ओवाळून घ्यायला तयार होतं, पण ओवाळायचं कोणी? प्रवास लांबचा, मीनाची शाळा, कुंदनरावांना रजा नाही, मला सगळं कळतं. तरी मी रुसले आहे हे तुला कळावं म्हणून लिहिते.

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मात्र जिव्हारी लागली. खाण बंद पडल्यापासून कॉलनीचा बाजार मोडला, आठवड्यातून एकदा बटाटे आणि कोबी येतो, आणि मीना भाजीला हात लावत नाही म्हणतेस. अगं, माळ्याची पोर ना तू? मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू दुसरीत होतीस आणि मेथीच्या जुड्या बांधून मगच शाळेत जायचीस. तुझ्या हातची जुडी पंचवटीच्या बाजारात सगळ्यांत आधी उठायची. अंबडची कंपनी बंद झाली, कुंदनरावांना पोटासाठी तिकडे झारखंडात जावं लागलं, ते ठीक. पण तुझ्या घरात ताजी भाजी नाही हे वाचून मलाच लाज वाटली.

जमीन लाल, मुरमाड आहे म्हणून हातपाय गाळू नकोस. आपली वरची पट्टी तशीच होती. तुझ्या दादांनी काय केलं? उन्हाळ्यात धरण आटलं की गाळ आणून ओतला. गाळासारखं सोनं नाही. तिथे एखादं आटलेलं तळं असेलच. हातात चुरून बघायचा, पिठासारखा मऊ लागला की डोळे मिटून टाकायचा. सोबत अंबाडी, पालक, शेपू आणि चवळीचं बी पाठवते. पुड्यांवर नावं मुद्दामच घातली नाहीत. बी ओळखता आलं नाही तर माहेरी पाऊल ठेवायचं नाही.

आणि पहिली भाजी निघाली की वानोळा वाटायला विसरू नकोस. नव्या वाफ्यातलं पहिलं चार घरी पोचल्याशिवाय आपल्या ताटात घ्यायचं नाही, हा तुझ्या आईचा नियम होता. तिथे कोणी आपलं नसलं तरी वानोळ्यानं होतं.

रुसलेली,
गोजरावहिनी

—

सालडुंगरी खाण कॉलनी
ता. ३ मार्च २००२

प्रिय वहिनी,

माहेरी पाऊल ठेवायची परवानगी द्या. चारी बी ओळखली!

आणि तळंही सापडलं. कॉलनीमागे टेकडीच्या पायथ्याशी एक मोठा बांध आहे. खाणीतला दगड दळून कारखान्यात त्यातून युरेनियम काढायचे आणि उरलेला चोथा पाण्याबरोबर त्या बांधात सोडायचे. आता खाण बंद, कारखाना बंद, पाणी आटलेलं. नुसता राखाडी गाळ पसरलाय. मूठभर चुरून पाहिला तर पिठाहून मऊ, आणि तुमची अशी आठवण आली की तिथेच बसले. यांना विचारलं, चालेल का? म्हणाले, "माल होता तो कंपनी घेऊन गेली, राहिला तो भुसा. भुशाला कोण विचारतं?" हे आता इथल्या पंपावर राखणीला आहेत, त्यांना ठाऊक असेलच. कुंपण केव्हाच मोडलंय. एक पाटी होती म्हणे, तिचा पत्रा कोणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावलाय.

खालच्या टोल्यातली (इथे वस्तीला टोला म्हणतात) सुकुरमुनी माझ्या मदतीला आली. संथाळ आहे, माझ्याच वयाची. तिचा नवरा या खाणीतच होता. आम्ही दोघींनी टोपल्यांनी गाळ वाहिला, शेणखत मिसळून वाफे बांधले. मीना दिवसभर अनवाणी त्या वाफ्यांत. आणि वहिनी, काय अंबाडी आली! पहिली जुडी सुकुरमुनीला वानोळा म्हणून दिली तर ती पदराची गाठ सोडून पैसे काढायला लागली. मोडक्या हिंदीत समजावलं तेव्हा कुठे हसली, आणि दुसऱ्या दिवशी माझं भांडं तांदूळ भरून परत आलं.

आता टोल्यात घरोघर वाफे झालेत. मी गाळ कुठला आणायचा, पाणी कसं फिरवायचं ते दाखवत फिरते. मला नाशिकवाली मास्तरीण म्हणतात. मीना कच्चा पालक खाते, बकरीसारखी. इथे आल्यापासून पहिल्यांदा मला परकं वाटत नाही.

ओळखीचा एक जवान देवळालीला चाललाय, त्याच्याबरोबर वाळवलेली अंबाडी पाठवते. पहिल्या वाफ्याची आहे.

तुमची मास्तरीण,
शकू

—

मखमलाबाद
ता. ९ एप्रिल २००२

मास्तरीणबाई,

अंबाडी पोचली. डाळ-कण्या घालून केली, वर लसणाची फोडणी. तुझे दादा दोन भाकरी जास्त जेवले आणि म्हणाले, "शकी अजून इसरली नाय, लय झ्याक!" त्यांच्या तोंडून एवढं कौतुक मला उभ्या जन्मात मिळालं नाही. उरलेली मी आळीत वानोळा म्हणून दिली. झारखंडची अंबाडी म्हणून सगळ्यांना सांगत सुटले, जसं काही तू विलायतेहून पाठवलीस.

गाळाचं मी सांगितलं होतं ना? आता दरवर्षी पावसाआधी नवा थर देत जा. हात आखडू नकोस.

मीनाला म्हणावं, मामी बकरीला बांधायला दोर घेऊन येतेय.

गोजरावहिनी

—

सालडुंगरी
ता. १४ सप्टेंबर २००३

प्रिय वहिनी,

तुमची दोन पत्रं आली आणि मी उत्तर दिलं नाही. कॉलनीचा फोन कापलाय, बूथ बसस्टँडला आहे, ही कारणं मी तुम्हाला नेहमी देते. या वेळी खरं कारण हे की लिहायला हात उचलला नाही.

जूनमध्ये एका संस्थेची माणसं आली. त्यांच्याकडे एक यंत्र होतं, जमिनीजवळ नेलं की कटकट वाजणारं. बंद खाणींच्या आसपास ते माती, पाणी आणि झाडपाला तपासत हिंडतात. आमच्या ओढ्याचं आणि हापशाचं पाणी नेलं, वाफ्यातल्या भाज्या नेल्या. परवा येऊन सांगून गेले की पाण्यात दोष आहे, त्यावर पिकलेलं खाऊ नका. पालेभाजीत जास्त उतरतं म्हणे, फळभाजीत कमी. मी सगळं उपटून टाकलं.

गेल्या वर्षीची अंबाडी तुम्ही खाल्लीत. मी मुद्दाम विचारून घेतलं. एक-दोनदा खाल्ल्याने काही होत नाही, इथे रोज खाणाऱ्यांचं बघायला हवं, असं त्या संस्थेतल्या एक बाई म्हणाल्या. तरी वहिनी, डब्यात उरली असेल तर टाकून द्या. आळीत ज्यांना दिलीत त्यांनाही सांगा.

मीना बरी आहे. सगळ्या पोरांची लघवी तपासायला नेलीय. काळजी करू नका.

शकू

—

मखमलाबाद
ता. २६ सप्टेंबर २००३

शकू,

काळजी करू नका असं लिहिलं की माणूस काळजी करायचं थांबतं होय? तुझं पत्र तुझ्या दादांना वाचून दाखवलं. ते उठून मळ्यात गेले आणि नसलेलं तण काढत बसले.

आधी मीनाला घेऊन निघून ये. माझं एवढं ऐक.

अंबाडीची चिंता सोड. ती केव्हाच पोटात गेली आणि आळीतल्या म्हाताऱ्या आधीपेक्षा जास्त भांडतात, म्हणजे प्रकृत्या ठणठणीत आहेत.

दुसरं म्हणजे, पाणी नासलं म्हणून तू वाफेच उपटलेस ते काही मला पटलं नाही. पाण्याच्या दोषाला माती काय करील बिचारी? पाऊस आता सरत आलाय. लगेच निघणं जमलं नाही तर वरची माती खरवडून टाक, बांधातून चांगला जाड थर नव्या गाळाचा आण आणि पावसाचं साठवलेलं पाणी घाल. गाळ सगळं शोषून घेतो. हवं तर मीनालाही लाव कामाला, छोटी टोपली दे. माळ्याची नात आहे, शिकू दे.

उत्तर लगेच टाक.

गोजरावहिनी

—

सालडुंगरी
ता. ८ ऑक्टोबर २००३

वहिनी,

मीनाला मराठी वाचता येतं. मीच शिकवलं. तुमचं पत्र ती मोठ्याने वाचते, मी ऐकते, असा आमचा खेळ आहे. या वेळी मी पाण्याच्या टँकरच्या रांगेत होते आणि पत्र तिच्या हाती आधी लागलं. घरी आले तर पोर नाही. शेवटी बांधावर सापडली. टोपली भरून डोक्यावर, केसांत, पापण्यांवर सगळीकडे राखाडी गाळ. मला बघून हसली आणि म्हणाली, "मामीने सांगितलंय."

मी तिला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा, आणि जोरात. मग हाताला धरून फरफटत घरी आणलं आणि ती रडून थकेपर्यंत घासून अंघोळ घातली. ती विचारत होती, माझं काय चुकलं? तिचं काहीच चुकलं नव्हतं.

दोष गाळात आहे, वहिनी. पाण्यात उतरलाय तोही तिथूनच. माल गेला आणि भुसा राहिला असं आम्ही धरून चाललो, पण त्या भुशातच विष राहतं. जे काढायचं ते काढून नेलं तरी त्याची सगळी भावंडं मागे उरतात, असं त्या बाईंनी समजावलं. मी तुम्हाला पाणी म्हणून लिहिलं, कारण गाळाचं तुम्ही सुचवलं होतंत आणि तुम्ही जेवायच्या थांबाल हे मला माहीत होतं. तुम्हाला जपायला गेले आणि पोरीला त्या बांधावर धाडलं.

मीनाचा तपास आला. असायला हवं त्याहून जास्त आहे. मूत्रपिंडाला जपायला हवं असं डॉक्टर म्हणाले. आज त्रास काही नाही. स्वच्छ पाणी, स्वच्छ अन्न मिळालं तर पुष्कळसं हळूहळू बाहेर पडेल, पण इथून दूर ठेवा. म्हणून हे तिला घेऊन तुमच्याकडे येताहेत.

मी येणार नाही. रागावू नका. टोल्यातल्या घराघरांत जाऊन तो गाळ मी टाकायला लावला. सुकुरमुनीच्या दोन्ही पोरांच्या तपासातही तेच आलंय, आणि त्यांना पाठवायला दुसरं गाव नाही. ते वाफे उचलल्याशिवाय मला निघता येत नाही. कुठे किती टोपल्या ओतल्या, ते मलाच माहीत आहे.

मीना माझ्याशी बोलत नाही. तिला माझ्या हातचं जेवणही नको. ताटाकडे बघते आणि विचारते, हे कुठलं? तिचं मन परत मिळवता आलं तर मला दुसरं काही नको, वहिनी.

शकू

—

मखमलाबाद
ता. ३१ ऑक्टोबर २००३

माझ्या शकू,

पोर सुखरूप पोचली. कुंदनराव दोन दिवस राहून परत निघाले. बिचारे वाळलेत. जाताना माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "मी तिला हो म्हणायला नको होतं." त्यांना मी जे सांगितलं तेच तुला सांगते.

तुझं पत्र वाचून मी खूप रडले. मग मला राग आला. कोणावर काढावा कळेना, म्हणून तुझ्या दादांवर काढला. ते म्हणाले, "माझं काय चुकलं?" म्हटलं, तुम्ही वरच्या पट्टीत गाळ ओतलात म्हणून मी पोरीला सांगितलं.

चार दिवसांनी डोकं ताळ्यावर आलं. शकू, गाळाचं काम पोसायचं. आपण पिढ्यान् पिढ्या तेवढंच बघितलं. त्यात विष मिसळून, धड कुंपणसुद्धा न राखता जे निघून गेले त्यांच्या वाट्याची लाज तू आणि मी वाटून घ्यायची नाही. तुला दुखवू नये म्हणून मी खोटी हसणार नाही, मला लागलंय. पण पुन्हा माझ्यापासून काही लपवलंस तर मात्र खरंच तोंड बघणार नाही. तुला न्हाऊमाखू मी घातलंय, मला जपणारी तू कोण?

आता मीना. भात आणि दूध घेते. भाजी वाढली की ताट सरकवते आणि विचारते, "मामी, ही कुठल्या मातीतली?" मी म्हणते, आपल्या. ती म्हणते, "आईपण आपली म्हणायची." मळ्यात येते, पण चप्पल घालून बांधाबांधाने. वाफ्यात पाय टाकत नाही. पाटाचं पाणी अंगावर उडालं तर धावत जाऊन साबणाने हात धुते. बोटांची कातडी सुरकुतली तिची. माळ्याच्या घरात मातीला भिणारं लेकरू मी पहिल्यांदा बघितलं. रात्री मात्र माझ्या पोटाशी झोपते, अगदी तुझ्यासारखी, गुडघे खुपसून.

इथल्या डॉक्टरांना कागद दाखवले. ते म्हणाले, मूत्रपिंड चांगलं आहे, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. मी खंडेरायाला भंडारा बोलले आहे. डॉक्टरांचंही ऐकते, घाबरू नकोस.

तुझी वहिनी

—

सालडुंगरी
ता. ७ डिसेंबर २००३

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र मी उशीखाली ठेवते. तुम्ही रागावलात तेव्हा मला झोप लागली.

टोल्यातले बरेचसे वाफे उचलून झाले. संस्थेने तोंडाला बांधायला फडकी आणि हातमोजे दिले, काय कसं करायचं ते दाखवलं. माती ओली करून खणायची, म्हणजे धूळ उडत नाही. पोत्यात भरून परत बांधात नेऊन टाकायची. आम्ही सगळ्या बायका जाऊन कंपनीच्या कचेरीच्या दारात बसलो, तेव्हा बांधाला काटेरी तार आली आणि कधीमधी येणारा टँकर दिवसाआड यायला लागला. पुरा दिलासा नाही, पण ओढ्याचं पाणी आता कोणी पीत नाही.

सुकुरमुनीकडे मी सगळ्यांत शेवटी गेले. तिच्या अंगणात उभी राहून म्हटलं, मी तुझ्या पोरांना विष खायला दिलं. तिने माझ्या हातातली कुदळ घेतली आणि विचारलं, "तूने क्या अलग खाया था?" मी म्हटलं, नाही, तेच. "मीनाला काय वेगळं दिलंस?" नाही. "मग खण," म्हणाली. आम्ही दिवसभर खणलं. जेवायला तिने वरच्या टेकडीवरचा भोपळा शिजवला होता. तिथली माती तपासलेली आहे. मला वाढताना तिने ते दोनदा सांगितलं आणि मग आम्ही दोघी रडलो.

तिने विचारलं, तू जाणार ना आता? मी म्हटलं, काम संपलं की. ती म्हणाली, "जा. तुझ्या पोरीला मामा आहे. आमच्या पोरांना ही टेकडीच आहे." राग नव्हता त्यात, म्हणून जास्त लागलं.

मीनावर जबरदस्ती करू नका. मातीची भीती तिला मी घातली, एका दुपारीत. स्वप्नात मी तिला घास भरवते आणि ती तोंड मिटून घेते. वहिनी, माळ्याच्या घरी राहून ती मातीला भीतच मोठी झाली, तर तपासात सगळं साफ आलं तरी मी तिचं काय वाचवलं?

शकू

—

मखमलाबाद
ता. १९ जानेवारी २००४

शकू बाळे,

आधी कामाचं. मीनाचा दुसरा तपास आला. निम्म्याहून बराच कमी. डॉक्टर हसले, म्हणजे बघ. वर्षातून एकदा दाखवत राहायचं, बाकी पोरीला खेळू द्या म्हणाले. भंडारा उधळून आले.

दुसरं, सुकुरमुनीच्या टोल्यासाठी दोन गोण्या पाठवते आहे. वाळवलेली मेथी, चवळीच्या डाळीचे सांडगे, कांद्याच्या चकत्या. आळीतल्या सगळ्यांनी मिळून केलंय. तिथल्या पोरांना निदान उन्हाळाभर पुरेल. त्यांना सांग, ही माती आम्हीही खातो.

आता नीट बसून वाच.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि तुझे दादा खालच्या पट्टीत मुळे काढत होतो. मीना नेहमीसारखी बांधावर, चप्पल घालून, आमच्याकडे पाठ करून. मी लक्ष नाही असं दाखवत होते. तेवढ्यात एक मुळा माझ्या हातात अर्धाच तुटून आला. मी चिडून शिवी हासडली, अगदी तुझ्या दादांची नेहमीची. पोर खुदकन हसली. आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "मामी, तुला येत नाही." मी म्हटलं, "तू मोठी शहाणी, तूच काढ."

ती उठली. चप्पल बांधावर ठेवली. वाफ्यात आधी एक पाय ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मी तुझ्या दादांकडे बघितलंसुद्धा नाही, ते काहीतरी बोलतील या भीतीने. मग दुसरा पाय आला. वाकली, पाल्याला दोन्ही हातांनी धरलं, मागे रेलली आणि मुळ्यासकट मातीत बसली. लांबच लांब मुळा, चिखलाने बरबटलेला. तिने तो उलटासुलटा करून बघितला, वास घेतला. मला वाटलं, आता विचारणार कुठल्या मातीतला.

तिने फ्रॉकला पुसला. कसला पुसणार, अर्धी माती तशीच. आणि कचकन चावली. दातांत खडे आले असतील, तोंड वाकडं केलं, थुंकली, आणि पुन्हा चावली. तिखट लागला तर डोळ्यांत पाणी, तरी खात होती. हनुवटीवरून चिखलाचा ओघळ.

मी मटकन वाफ्यातच बसले आणि रडायला लागले. तुझे दादा धावत आले, काय झालं, काय झालं! म्हटलं, मीनाने माती खाल्ली. ते म्हणाले, "मंग रडती काय येड्यावानी, तोंड धू तिचं! नाय तर मी धुतो!" आणि तिच्याकडे निघाले.

मी त्यांचं धोतर धरून ठेवलं, शकू. तिचा मुळा खाऊन संपेपर्यंत सोडलं नाही.

तुझी वहिनी